मेन स्विच कुठे आहे?

मरोळच्या मिलिटरी रोडवरून बामणदाया पाड्याकडे उतरलं की मिठी नदी आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना दिसते. काठच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. तिथल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत शिरले तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दाराशेजारी विजेचा बोर्डच नव्हता. तो वर होता, माळ्याच्या फळीला टेकलेला, माझा हात पुरणार नाही इतका वर. घरातल्या आजींनी ओट्यावरचं लाटणं उचललं आणि त्याच्या टोकाने पंख्याचं बटण दाबलं. "लाकूड आहे, सुकं आहे," त्या म्हणाल्या. "शॉक नाही बसत."

बोर्ड एवढा वर का, हे विचारावं लागलं नाही. आजींनीच भिंतीवर खांद्याच्या उंचीला आडवा हात धरला. २६ जुलै २००५च्या संध्याकाळी पाणी तिथवर होतं. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, विहार-पवई तलावांचं पाणी मिठीत उतरलं आणि जवळच साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरच्या आसपास माणसं गेली. पुढे कितीतरी दिवस या पट्ट्यात वीज नव्हती. पाणी भरलेल्या भागात ती मुद्दाम बंद ठेवावी लागली होती, नाहीतर ओल्या भिंतींनी आणखी बळी घेतले असते.

त्यानंतर या घराची मांडणीच बदलली. फ्रिज विटांच्या दोन थरांवर आहे. गॅसचा सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेला आहे, कारण पुरात सिलिंडर तरंगतो आणि नळी तोडून जातो. माळ्यावर फिरकीच्या झाकणाचं प्लॅस्टिकचं पिंप आहे. रेशनकार्ड, दाखले, नातवाची मार्कशीट, खोलीचे कागद, सगळं त्यात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

गल्लीतून मान वर केली की मागे टॉवर दिसतात. त्यातल्या एका घरातही मी जाऊन आले. फाटकावर 'संपूर्ण पॉवर बॅकअप' अशी जाहिरात अजून लटकते आहे. घरातल्या गृहस्थांना विचारलं, तुमचा मेन स्विच कुठे आहे? ते दिवाणखान्यात गेले, मग स्वयंपाकघरात, शेवटी त्यांनी बायकोला हाक मारली. स्विच सापडला चपलांच्या कपाटामागे. इंटिरिअरवाल्याने तो 'दिसू नये' म्हणून झाकला होता.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो 'अंधार'. त्यावर कवितेतलं, रंगभूमीवरचं, मनातलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लाइट गेल्यावरचा साधा अंधार हवा होता, म्हणून मरोळ गाठलं. एका नाक्याच्या परिसरात इथे गावठाण आहे, चाळी आहेत, एमआयडीसी आहे, सुक्या मासळीचा बाजार आहे, मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत आणि अधूनमधून अंगावर येणारी नदी आहे. हिंडताना एक गोष्ट पक्की होत गेली. अडचणीची तयारी कपाटात ठेवायच्या वस्तूंची कमी आणि आपल्या घरात वीज-पाणी कुठून येतं हे माहीत असण्याची जास्त आहे. आणि ती एकट्याच्या घरापुरती करताच येत नाही. उंबऱ्याबाहेर सगळं सामायिक आहे.

सोमवारी सकाळी दहा वाजता

मुंबईकराला लाइट जाण्याची सवय नाही. महाराष्ट्र बारा-बारा तासांचं भारनियमन सोसत होता तेव्हाही मुंबईचा बहुतेक भाग त्यातून वगळलेला होता. त्यामुळे नाशिक-नगरच्या घराघरात दिसणारा इन्व्हर्टर इथे फारसा दिसत नाही, आणि गावाहून आलेला पाहुणा "तुमच्याकडे मेणबत्तीसुद्धा नाही?" असं विचारतो तेव्हा आपल्यालाच त्याचं नवल वाटतं.

या बेफिकिरीला तडा गेला १२ ऑक्टोबर २०२० रोजी. सोमवार होता, करोनाचे दिवस होते, अर्धं शहर घरातून काम करत होतं. दहाच्या सुमारास सगळं एकदम थांबलं. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, सिग्नल विझले, मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मरोळमधलं सेव्हन हिल्स रुग्णालय तेव्हा करोना रुग्णांसाठी चाललं होतं. अशा ठिकाणी जनरेटर किती वेळ ओढेल, हा त्या दिवशीचा सर्वात गंभीर प्रश्न होता. लोकल सुरू व्हायला दोनेक तास लागले. काही उपनगरांत पुरवठा पूर्ववत व्हायला रात्र झाली.

झालं काय होतं? मुंबईला लागणारी बरीचशी वीज बाहेरून येते आणि ती कळवा, पडघे, खारघर अशा मोजक्या दारांतून शिरते. त्या दिवशी ४०० केव्हीच्या वाहिन्यांपैकी एक आधीच बंद होती, दुसऱ्या एकामागून एक गळाल्या आणि उरलेल्यांवर सगळा भार आला. अशा वेळी मुंबईने स्वतःला राज्याच्या जाळ्यापासून तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बे, डहाणू, खोपोली-भिवपुरी-भिरा इथल्या विजेवर तग धरायचा, अशी योजना १९८१पासून आहे. वीज खात्यातले लोक तिला 'आयलंडिंग' म्हणतात. पण बेट तरायला बेटावर पुरेशी वीज लागते. त्या सकाळी शहराची स्वतःची निर्मिती मागणीच्या मानाने फारच कमी होती. बाहेरची वीज स्वस्त पडत होती ना! बेट टिकलं नाही.

पुढे चिनी हॅकरांची चर्चा झाली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं, चौकशीचे अहवाल आले. २०२३मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी वाहिनी सुरू झाली आणि शहराला आणखी एक दार मिळालं. मरोळच्या शेजारी आरेमध्ये उच्चदाबाच्या एकदिश प्रवाहाचं केंद्र उभारण्याचं कामही हाती घेतलं गेलं. तरी एवढी मोठी यंत्रणा एकदा कोसळू शकते हे आपण पाहिलं आहे. २८ एप्रिल २०२५ला स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन जवळजवळ अख्खे देश काही सेकंदांत अंधारात गेले. तिथल्या दुकानांत लोकांनी रांगा लावल्या त्या बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओंसाठी. लाखमोलाचे फोन खिशात असताना!

जिन्याखालची खोली

मात्र तुमच्या-माझ्या घरची वीज जाते ती असल्या बड्या कारणांनी फार क्वचित. बहुतेक वेळा कारण इमारतीच्या फाटकापासून शंभर पावलांच्या आत असतं. ते समजून घ्यायला विजयनगरमधल्या एका जुन्या सोसायटीत गेले. सोबत तीसेक वर्षं या भागात काम करणारे एक वायरमन होते. सोसायटीचे सेक्रेटरीही उत्साहाने खाली आले.

मीटरची खोली जिन्याखाली. तिला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन चहाला गेलेला. तो आला, दार उघडलं आणि वायरमनदादांनी कपाळावर हात मारला. आत मीटरांच्या रांगेला टेकून गेल्या गणपतीचं थर्माकोलचं मखर, रंगाचे अर्धवट डबे, दोन मोडक्या सायकली आणि रद्दीचा ढीग. खाली जमिनीलगत, रस्त्यावरून येणारी मुख्य केबल जिथे इमारतीत शिरते तिथेच, कुणीतरी पायपुसणं वाळत घातलेलं.

"काका, ठिणगी उडायला एक सैल स्क्रू पुरतो," दादा म्हणाले. सेक्रेटरी काकांनी मखराकडे बघत "पुढच्या मीटिंगला घेतो विषय" असं सांगितलं. मुंबईतल्या बहुतेक आगींचं मूळ विजेच्या दोषात सापडतं, हे अग्निशमन दल वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पण मीटरची खोली ही आपल्याकडे अडगळीची खोली असते. मुख्य म्हणजे तिचं दार लागतं, म्हणजे आतलं कुणाला दिसत नाही.

दादांनी मग रस्त्यापर्यंत नेऊन सगळी वाट दाखवली. मुंबईत तारा बहुतांशी जमिनीखालून जातात. मोठ्या उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टची केबल गल्लीतल्या छोट्या सबस्टेशनला येते, तिथे दाब उतरतो, पुढे फुटपाथवरच्या लोखंडी पेटीतून, म्हणजे पिलरमधून, प्रत्येक इमारतीला एक केबल जाते. ११ हजारांची केबल खराब झाली तर अख्खी गल्ली जाते, पण सबस्टेशनला दुसऱ्या बाजूनेही पुरवठा जोडलेला असतो. ती बाजू चालू केली की बिघाड दुरुस्त व्हायच्या आधीच लाइट येते. पिलरपासून इमारतीपर्यंतच्या शेवटच्या तुकड्याला मात्र दुसरी बाजू नसते. तो गेला की दोष शोधा, रस्ता खणा, जोड घाला. म्हणून समोरच्या बिल्डिंगमध्ये लाइट आहे आणि आपल्याकडे नाही असं दिसलं तर ते वाईट लक्षण. त्या रात्री लांबची तयारी करावी.

काही घरांत लाइट असेल आणि काहींत नसेल तर एखादा फेज गेला. ते एवढं भयंकर नाही. भयंकर आहे ते न्यूट्रल तुटणं. तेव्हा एखाद्या घरातले दिवे डोळे दिपतील असे पेटतात आणि शेजारच्या घरात मिणमिणतात. २३० व्होल्टच्या जागी ४००च्या घरात दाब जातो, फ्रिज-टीव्ही जळतात. अशा वेळी काय झालं हे बघत न बसता मेन स्विच पाडायचा. म्हणजे तो कुठे आहे हे आधी माहीत हवं. अंधारात चपलांचं कपाट कोण सरकवणार?

मेन स्विचशेजारी आणखी एक खटका असायला हवा. त्यावर 'टी' लिहिलेलं बारीक बटण असतं. घरातला प्रवाह कुठे गळतो आहे, म्हणजे कदाचित कुणाच्या अंगातून जातो आहे, हे कळताच तो क्षणार्धात वीज तोडतो. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपियरचा घेतात. 'टी' दाबल्यावर घरातली लाइट गेली पाहिजे. गेली नाही तर यंत्र निकामी. महिन्यातून एकदा दाबून बघावं असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, पण ते पत्रक कुणी वाचत नाही. टॉवरमधल्या गृहस्थांच्या घरी खटका होता, पण बसवल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. पाड्यातल्या आजींच्या घरी तो नव्हताच, आणि खरी गरज तिथे आहे.

पाणी शिरायला लागलं तर मेन स्विच पायाला पाणी लागायच्या आधी बंद करायचा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही. ओसरल्यावर "सुकलं वाटतं" म्हणून चालू करायचा नाही, वायरमनने मेगर, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून बघितल्यावरच करायचा. ऑगस्ट २०२५मधल्या पावसात भांडुपला साचलेल्या पाण्यातून जाणारा एक सतरा वर्षांचा मुलगा विजेच्या धक्क्याने गेला. पाण्यात वीज उतरली आहे की नाही, हे बघून कळत नाही. मीटर तळाशी असलेल्या इमारतींनी ते पूररेषेच्या वर घ्यावेत, असा आग्रह म्हणूनच धरला जातो. खर्च आहे. पण सोसायटीच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी असतो, तो अशाच कामांसाठी. लॉबीतल्या ग्रॅनाइटसाठी नव्हे.

इन्व्हर्टर घ्यावा का?

हा प्रश्न मला मरोळमध्ये सगळ्यांनी विचारला, मीच काही विकायला आले आहे अशा थाटात. उत्तर गणितात आहे आणि गणित चौथीतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे.

बाजारात सर्रास मिळते ती बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपियर-अवरची. गुणाकार करा, १८०० वॉट-तास. पण शिशाची बॅटरी पार रिकामी केली तर लवकर मरते, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. हाताशी हजार-अकराशे धरा. जुना छताचा पंखा ७५ वॉट ओढतो. दोन पंखे, तीन एलईडी दिवे आणि वायफायचा डबा मिळून १९०च्या आसपास. पाच-साडेपाच तास निघाले. तेच पंखे बीएलडीसी असतील तर प्रत्येकी तीसेक वॉट आणि सगळं मिळून शंभर. दहा तास. पंखे बदलल्याने दर महिन्याचं बिलही उतरतं. म्हणजे पहिला खर्च पंख्यावर करायचा, बॅटरीवर नंतर. दीड टनाचा एसी जोडायचं स्वप्न मात्र सोडून द्या. त्याला लागतात दीड हजार वॉट आणि घरगुती इन्व्हर्टर तो सुरू करतानाच हात वर करतो.

शिशाच्या बॅटरीला दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर लागतं. नळाचं पाणी घातलं की ती गेली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात, देव्हाऱ्याखाली किंवा गॅसजवळ ठेवायची नसते. मी पाहिलेल्या एका घरात ती नेमकी देव्हाऱ्याखाली होती, वर समई. लिथियमच्या बॅटरीला पाणी नको, जागा कमी लागते, पण दाम जास्त.

ज्यांच्या घरी बॅटरी ठेवायला कोपराच नाही त्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ आहे: लाइट गेल्यावर आपोआप उजळणारा चार्जिंगचा एक बल्ब, कपाळाला बांधायची एक विजेरी, भरलेली पॉवर बँक. कपाळाच्या विजेरीची शिफारस दादांची. हात मोकळे राहतात, एका हाताने मूल धरता येतं. मेणबत्ती शक्यतो नको. वर्षातून पाच दिवस पणत्या आपण डोळ्यांत तेल घालून सांभाळतो, पण अवेळी पेटवलेली मेणबत्ती पडद्याशेजारी ठेवून झोपी जातो. आणि पेट्रोलचा छोटा जनरेटर गॅलरीतसुद्धा चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

पाणी वर चढत नाही

मरोळ पाइपलाइन म्हणून या भागात वस्तीच आहे. महापालिकेच्या अजस्र जलवाहिन्या तिथून जातात. त्यांतलं पाणी दूरच्या डोंगरांचा उतार आणि दाब घेऊन येतं, गल्लीतली वीज गेली तरी सोसायटीच्या खालच्या टाकीत पडतं. अडतं ते पुढे. खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप बंद.

शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटर. चौघांच्या घराला ५४०. गच्चीवरची टाकी साधारण अर्ध्या-एका दिवसाची असते. पण लाइट गेली आणि ग्रुपवर 'पाणी जपून वापरा' असा निरोप आला की काय होतं? सगळे एकदम बादल्या भरायला लागतात आणि दिवसाचं पाणी तासात संपतं. शहाणपणाच्या सोसायट्या निरोप टाकायच्या आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात आणि ठरलेल्या वेळी अर्धा तास सोडतात. आपल्या इमारतीत तो व्हॉल्व्ह कोणता हे बहुधा एका प्लंबरलाच ठाऊक असतं. त्यावर रंगाने खूण करून ठेवायला किती वेळ लागतो?

पुरात धोका उलटा. खालच्या टाकीचं झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर रस्त्यावरचं पाणी, म्हणजे गटाराचंही, सरळ आत. झाकणाभोवती हातभर उंच कठडा बांधला की हे टळतं. त्या पाण्यातून चालत आलात तर लेप्टोचं औषध ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. अंगावर जखम असेल तर वाटच बघू नये.

इथे चाळी पुन्हा पुढे आहेत. पाणी दोन तासच येतं, म्हणून प्रत्येक खोलीत निळा ड्रम, कळश्या, हंडे भरलेले असतातच. युरोपीय संघाने मार्च २०२५मध्ये आपल्या नागरिकांना ७२ तास पुरेल एवढं पाणी आणि अन्न घरात ठेवायला सांगितलं, त्याची जगभर बातमी झाली. पाड्यातल्या एका मावशींना ते सांगितलं तर त्या हसल्या. फक्त ड्रमला घट्ट झाकण हवं, नाहीतर डेंग्यूचा डास हा पाहुणा ठरलेला.

जिना

टॉवरचा जनरेटर कशाकशाला पुरतो? लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. घरांना नाही. फाटकावरच्या त्या जाहिरातीचा अर्थ गृहस्थांना तेव्हाच कळला. डिझेल किती तासांचं आहे हे मॅनेजरला सांगता आलं नाही. आणि जनरेटर तळघरात, जिथे पाणी सर्वात आधी भरतं. न्यूयॉर्कच्या लँगोन रुग्णालयाने २०१२च्या सँडी वादळात हाच धडा घेतला. इंधनाची यंत्रणा तळघरात बुडाली, जनरेटर थांबले आणि तीनशेच्या आसपास रुग्णांना, त्यांत तान्ही बाळंही, अंधाऱ्या जिन्यांनी उतरवावं लागलं.

लिफ्टमध्ये वीज गेल्यावर ती जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं यंत्र असतं. तेही बॅटरीवर चालतं आणि त्या बॅटरीची आठवण माणूस अडकल्यावरच होते. अडकलात तर दार ताणून उडी मारायची नाही. मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या लिफ्टमधून अर्धवट बाहेर आलेला माणूस हीच खरी दुर्घटना असते. १९ ऑगस्ट २०२५ला चेंबूरजवळ मोनोरेल वीजपुरवठा तुटून अधांतरी थांबली आणि पाचशेहून अधिक माणसांना शिड्यांनी उतरवावं लागलं. त्यांनी डब्यात काढलेला वेळ ऐकला की लिफ्टमध्ये पंख्याचं एक भोक किती मोलाचं असतं ते कळतं.

जिना मोकळा असणं का महत्त्वाचं, हे मरोळला वेगळं सांगायला नको. १७ डिसेंबर २०१८ रोजी इथल्या एमआयडीसीतल्या कामगार रुग्णालयाला आग लागली. आठहून अधिक जीव गेले, धुराने माणसं गुदमरली. जेवणाची पार्सलं पोचवणारा एक तरुण रस्त्यात थांबला, शिडीवर चढला आणि त्याने कित्येकांना खाली आणायला मदत केली. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा 'ब' नमुन्यातला दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. आपल्या सोसायटीने जुलैतला दिला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी विचारलं तिथे तीनपैकी दोन ठिकाणी "बघून सांगतो" एवढंच उत्तर मिळालं.

फ्रिजमधली कुपी

वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस ओढतो. घरातली पहिली शिस्त हीच. दार उघडून 'खराब तर झालं नाही ना' हे बघायचं नाही.

इन्सुलिनची चिंता घराघरात आहे. सुरू केलेली कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, तिशीच्या वर पारा जायला नको इतकंच. भारनियमनाच्या काळात खेड्यांत ती ओल्या माठात ठेवत. अजूनही याहून स्वस्त उपाय नाही. बर्फात मात्र घालू नये, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

करोनानंतर कितीतरी घरांत ऑक्सिजनचं यंत्र आलं. पाच लिटरचं यंत्र साधारण साडेतीनशे वॉट ओढतं, म्हणजे वरच्या हिशेबातली बॅटरी ते तीन तास चालवेल. त्या घरात भरलेला सिलिंडर, तो उघडायचा पाना आणि तो वापरता येणारा माणूस, तिन्ही लागतात. विजयनगरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर असे एक आजोबा आहेत. शेजारच्या घराला ते माहीत होतं, सेक्रेटरींना नव्हतं.

काळा कागद आणि पिशवी

मरोळ गावठाणातल्या एका वयस्कर बाईंना अंधाराच्या तयारीबद्दल विचारलं तर त्या थेट १९७१च्या युद्धाच्या दिवसांत गेल्या. खिडक्यांना काळा कागद, भोंगा वाजला की चूलसुद्धा झाकायची. ७ मे २०२५ रोजी नागरी संरक्षणाचा देशव्यापी सराव झाला, मुंबईत क्रॉस मैदानात भोंगा वाजला, अणुशक्तीनगरला दिवे मालवले गेले. तेव्हा नातवंडांनी त्यांना विचारलं, आजी, काळा कागद कुठे मिळतो?  आठवड्याभरात सगळं विसरलंही गेलं.

अशा वेळी 'आपत्कालीन पिशवी'च्या याद्या फिरतात. त्यांत पुष्कळ काही असतं, थोडं खरंच लागतं. औषधं आठवड्याची, चिठ्ठीसकट. दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण नेट गेलं की क्यूआर कोड नुसता कागद उरतो. पाइपच्या गॅसला वीज लागत नाही, पण शेगडीची ठिणगी विजेवरची असेल तर काडेपेटी. चुरमुरे, शेंगदाणे, चिवडा, गूळ, चकल्या: दिवाळीनंतर महिनाभर प्रत्येक मराठी घर या बाबतीत सज्ज असतंच. बॅटरीवरचा छोटा रेडिओ. आणि फोन नंबर कागदावर, कारण मुलाचा नंबरसुद्धा आता कुणाला पाठ नसतो. अदानी इलेक्ट्रिसिटी १९१२२, महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, आग १०१, रुग्णवाहिका १०८, इतर सगळ्यासाठी ११२. विजेची तक्रार करताना बिलावरचा ग्राहक क्रमांक विचारतात, तोही शेजारी लिहा. 'कुणीतरी केला असेल फोन' असं अख्ख्या बिल्डिंगला वाटतं आणि तास निघून जातो.

एक आठवण. २०२३मध्ये सरकारने चाचणीसाठी पाठवलेल्या इशाऱ्याने सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आणि काहींनी घाबरून ती सोय बंद करून टाकली. ती पुन्हा चालू करा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲपही आहे, इशारे मराठीत येतात.

१९ ऑगस्ट २०२५ला मिठीची पातळी ३.९ मीटरला गेली आणि खाली कुर्ल्याच्या क्रांतिनगरमधून साडेतीनशेच्या आसपास माणसांना हलवलं, तेव्हा पाड्यातल्या आजींनी कुणाच्या निरोपाची वाट बघितली नव्हती. पिंप माळ्यावर होतंच. त्यांनी मेन स्विच पाडला, समोरच्या खोलीतल्या अंथरुणाला खिळलेल्या काकांना दोघा पोरांकरवी वरच्या मजल्यावर पोचवलं आणि मग स्वतः निघाल्या. पाणी त्या दिवशी उंबऱ्यापर्यंत येऊन परतलं. त्याच संध्याकाळी टॉवरच्या ग्रुपवर लिफ्ट बंद असल्याच्या तक्रारी चालल्या होत्या. अकराव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईंना जेवण कोण नेणार, हे तिथे कुणीच विचारलं नव्हतं. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या दोघांना त्या मजल्यावर कुणी एकटं राहतं हेच ठाऊक नव्हतं.

तेव्हा यंदा फराळाचं ताट घेऊन शेजारी जाल, तेव्हा दोन मिनिटं जास्त थांबा. घरात मशीनवर कुणी आहे का, फ्रिजमध्ये ठेवायचं औषध आहे का, जिना उतरता न येणारं कुणी आहे का, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे विचारा आणि तुमचंही सांगा. मजल्यावरच्या चार घरांची उत्तरं एका कागदावर मावतात. एक प्रत सेक्रेटरींकडे द्या, एक वॉचमनकडे. त्याच कागदावर मीटरच्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे तेही लिहा.